टेबलावरची उणकल-नवलूर लाइन

हा लेख लिहायला घेतल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. या गौरवग्रंथात वकील, हेडमास्तर अशा थोर मंडळींचे लेख येणार असे ऐकतो. त्यात आपण काही भलते लिहून बसलो तर, ही धास्ती आहेच. पण श्री. दत्तोपंत हुनगुंदकर मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत असताना आपण गप्प बसलो, तर ते त्याहून वाईट. म्हणून जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच लिहितो.

मास्तरांची माझी पहिली भेट हुबळीच्या रेल्वे यार्डात झाली. मी सांधेवाला होतो. हुकूम आला की सांधा फिरवून गाडीचा रूळ बदलायचा, एवढेच मला ठाऊक. मास्तर तेव्हा सिग्नलचे काम शिकवायला नवे आले होते. मी त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठा, म्हणून पहिल्या दिवसापासून ते मला अण्णा म्हणत. त्यांनी विचारले, हा सांधा कोणत्या गाडीसाठी फिरवलात? मी म्हटले, साहेब, स्टेशनमास्तरांचा हुकूम. त्यांनी पुन्हा विचारले, पण गाडी येते कुठून, तिच्यापुढे कोण आहे? मला सांगता येईना. दुसरा कोणी असता तर रागावला असता. मास्तर म्हणाले, उद्यापासून माझ्या टेबलाशी येऊन बसा.

त्या टेबलाविषयी लिहिले नाही, तर मास्तरांविषयी काहीच लिहिले नाही असे होईल. रुळांखालच्या टाकाऊ स्लीपरांच्या लाकडाचे ते लांबलचक टेबल मास्तरांनी एका गळक्या शेडमध्ये स्वतः ठोकून उभे केले होते. त्यावर खोक्यांच्या लोखंडी पट्ट्यांचे रूळ, पत्र्याचे सिग्नल, लाकडाची इंजिने, दोऱ्याच्या रिळांची चाके. एका टोकाला हुबळी, दुसऱ्या टोकाला धारवाड, मध्ये उणकल आणि नवलूर. दोन स्टेशनांच्या मध्ये गोणपाटाचा पडदा असे, म्हणजे शेजारच्या स्टेशनात काय चालले आहे ते दिसू नये. बोलणे फक्त घंटीने, आणि घंट्या सायकलच्या. भिंतीवर एक निकामी घड्याळ होते. त्याचे काटे मास्तर स्वतः बोटाने फिरवीत आणि दहा मिनिटांत आमचा अख्खा तास संपवीत.

आणखी एक रीत त्यांनी घातली होती. टेबलाशी कोणी आपल्या हुद्द्यावर बसायचे नाही. सांधेवाल्याने स्टेशनमास्तर व्हायचे, स्टेशनमास्तराने सांधे फिरवायचे. नियमांचे पुस्तक इंग्रजीत होते. आमच्यासाठी मास्तरांनी त्याचे मराठी आपल्या हाताने वहीत उतरवले, आणि कानडी मंडळींना ते कानडीत समजावून सांगत. यार्डातले काही लोक या सगळ्याला बाहुला-बाहुलीचे लग्न म्हणून हसत. त्या हसण्याचा मास्तरांना कधी राग आला नाही, पण शेडचे पाणी टेबलावर गळू लागले तेव्हा त्यांचा जीव कासावीस झालेला मी पाहिला आहे. पक्की खोली मिळाली नाही, तर येत्या पावसाळ्यात टेबल कुजून शिकवणे बंद पडणार, हे उघड होते. अर्ज वर गेले. शेवटी एक मोठे साहेब स्वतः पाहायला येणार असे ठरले. त्यांच्या मनाला आले तर खोली, नाही तर टेबल मोडीत.

त्या दिवशी मास्तरांनी नवलूरच्या स्टेशनमास्तराच्या खुर्चीत मला बसवले. मी हात जोडले, दुसऱ्या कोणाला बसवा म्हटले. ते म्हणाले, तुम्हीच बसा. पडद्यापलीकडे उणकलला माझा जिवलग मित्र बसप्पा होता. मूळचा अळणावरकडचा, माझ्यासारखाच सांधेवाला.

काम सुरू झाले. उणकलहून निघालेली मालगाडी माझ्या स्टेशनात येत होती. तिचे निम्मे डबे अजून सिग्नलच्या बाहेरच होते. तेवढ्यात बसप्पाची घंटी वाजली. त्याची पॅसेंजर तयार होती, तो लाइन क्लिअर मागत होता. लाइन क्लिअर म्हणजे पुढचा मार्ग मोकळा आहे, गाडी सोडा, असा शब्द. साहेब मागेच उभे होते. त्यांच्यादेखत बसप्पाला ताटकळत ठेवायचे माझ्या जिवावर आले. मी घंटी वाजवून शब्द दिला. पॅसेंजर आली आणि मालगाडीच्या शेवटच्या डब्यावर आदळून तिचे इंजिन साहेबांच्या बुटापाशी पडले.

कोणी हसले नाही. साहेब इंग्रजीत बोलले. हा माणूस लाइनवर ठेवण्याच्या लायकीचा नाही आणि या खेळण्यांना खोली कशाला, असा त्याचा अर्थ होता, हे साहेबांबरोबर आलेल्या हेडक्लार्कांनी मला नंतर सांगितले. मास्तरांनी इंजिन उचलले, पुसले आणि मला विचारले, “अण्णा, शब्द का दिलात?”

“बसप्पाला साहेबांपुढे कमीपणा येईल म्हणून.”

“म्हणजे भिडेपोटी.”

मी मान हलवली. मग मास्तर साहेबांकडे वळून इंग्रजीत बोलले. हेडक्लार्कांनी सांगितले ते त्यांचे शब्द असे: “साहेब, यांना मी उद्या सिग्नलच्या केबिनमध्ये पाठवायला तयार आहे. चूक कुठून आत शिरते ते यांना आता कळले. जे अजून इथे चुकले नाहीत, त्यांची मला काळजी वाटते.” मग साहेबांची परवानगी न विचारता त्यांनी दोन्ही गाड्या पुन्हा जागेवर मांडल्या.

पुन्हा मालगाडी निघाली. या वेळी मास्तरांनी ती मुंगीच्या चालीने ओढायला लावली. बसप्पाची घंटी वाजली. मी हात उचलला नाही. पुन्हा वाजली. काटे दहा मिनिटे पुढे गेले, वीस गेले. पडद्यापलीकडून बसप्पा हळूच म्हणाला, “कोडो माराया, दे की आता.” तेवढ्यात साहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “दे दो. पॅसेंजर लेट होता है.”

मी मास्तरांकडे पाहिले. ते घड्याळाकडे पाहत होते.

“माल अजून पुरती आत आली नाही, साहेब. नाही देत.”

साहेबांनी तेच पुन्हा, मोठ्याने सांगितले. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. शेवटचा, तांबडी खूण असलेला डबा माझ्या डोळ्यांदेखत सिग्नल ओलांडून आत आला, तेव्हाच हात काढला आणि घंटी वाजवली. बसप्पाची पॅसेंजर सुखरूप आली.

साहेबांनी हॅट डोक्यावर घालत मास्तरांना विचारले, खोलीला खिडक्या किती लागतील?

खोली पावसाळ्याआधी उभी राहिली. याला आता वीस वर्षे होत आली. मी केबिनमन झालो, त्याच कामावरून सुखरूप निवृत्त झालो. टेबल हातचे जाईल अशी वेळ आली असता मास्तरांनी सारा डाव यार्डातल्या सर्वांत भित्र्या माणसावर का लावला, हे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, तुम्ही चुकलात तर साहेबांना टेबलाचा उपयोग कळेल आणि नाही चुकलात तरी कळेल. मग हसून त्यांनी विषय बदलला.

मास्तर, धारवाडहून हुबळीला आणि हुबळीहून धारवाडला रोज किती माणसे जातात. पोरे कडेवर घेऊन उतरतात, टांगा ठरवतात, घरी जाऊन जेवतात. त्यांच्यापैकी कोणाला आपले नाव ठाऊक नाही. ते सारे घरी पोचतात, यातच आपले काम आले. परमेश्वर आपणांस शंभर वर्षांचे, निरोगी आणि समाधानाचे आयुष्य देवो. त्या साऱ्या प्रवाशांच्या वतीने हे मी लिहिले.