तीन किलोचा व्हायरस

डायलिसिस युनिटमध्ये काम करणाऱ्याकडे किस्से नसतील, तर तो माणूस ड्यूटीवर झोपत असणार! आठवड्यातून तीन दिवस तीच माणसं, त्याच खाटांवर, चार-चार तास मशीनला जोडलेली. उठून जाता येत नाही, मग बोलणार नाहीत तर काय करणार? पनवेलच्या आमच्या युनिटमध्ये मी टेक्निशियन आहे आणि सकाळच्या शिफ्टची सगळी बडबड माझ्या वाट्याला येते. त्यातले हे फ्लूच्या साथीतले.

*

साथ सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांनी सगळ्यांना लस घ्यायला सांगितलं. किडनी गेलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती मुळात कमी, त्यात अनेकांना शुगर. साधा फ्लू छातीत उतरायला वेळ लागत नाही.

सगळे तयार झाले, फक्त गव्हाणचे धर्मानाना अडून बसले. डायलिसिसला दर वेळी दोन सुया टोचतात, एक रक्त बाहेर काढायला, दुसरी परत आत सोडायला.

"आठवड्याला सहा सुया खातो मी, बाय. सातवी कशाला?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पण नानांनी ते ऐकलंच नाही.

*

रशीदचाचा अर्धं आयुष्य कुवेतला काढून आता पनवेलात कपड्यांचं दुकान चालवतात. एका सकाळी दोन-दोन मास्क लावून, खोकत आले.

"बेटी, लांब राहा. व्हायरल झालंय!"

मी काट्यावर उभं केलं. परवापेक्षा तीन किलो जास्त! आमच्या पेशंटांना लघवी होत नाही, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच राहतं. ते फुप्फुसात साठलं की खोकला येतो.

"चाचा, तीन किलोचा व्हायरस मी पहिल्यांदाच बघतेय!"

चाचांनी वरचा मास्क गुपचूप उतरवला. "भाचीच्या लग्नाची दावत होती. शरबतला नाही म्हटलं की लोक नाराज होतात."

तरी ताप बघितला, चाचणीही केली. काही नव्हतं. मशीनने जादाचं पाणी काढलं, खोकला गेला!

*

देशमुख बाई निवृत्त मुख्याध्यापिका. किडनीच्या जोडीला दमा, म्हणून सर्दीवाल्या माणसाचा त्यांना भयंकर राग. एकदा त्यांचा मुलगा डबा घेऊन आला आणि दारातच शिंकला.

"बाहेर उभा राहा!"

"आई, मी मॅनेजर आहे."

"मग बाहेर नीट उभा राहा!"

तो राहिला. डबा मी आत नेला.

*

पुढच्याच आठवड्यात धर्मानाना खोकत आले. चाचांचा किस्सा त्यांना तोंडपाठ होता.

"पानीच हाय. जास्त काढ, मोकला होतो."

पण वजन जेमतेम एक किलो वाढलेलं. हात धरला तर चटका बसला. ताप एकशे दोन! त्यांचं ऐकून जास्त पाणी ओढलं असतं, तर बीपी कोसळलं असतं.

चाचणीत फ्लू निघाला. नाना आठ दिवस हॉस्पिटलात, त्यातले पाच ऑक्सिजनवर. ज्या सुनेकडून फ्लू आला, ती मात्र तिसऱ्या दिवशी भाकऱ्या भाजत होती!

"एकाच घरातली सर्दी," नाना डॉक्टरांवर चिडले. "तिला तीन दिवस नि मलाच हास्पिटल?"

"तिच्याकडे फ्लू एकटाच आला होता, नाना. तुमच्याकडे शुगर आणि किडनी आधीच मुक्कामाला. त्यांनी त्याला दार उघडून दिलं!"

नानांनी मान वळवून मला विचारलं, "ती सातवी सुई कदी?"

*

नंतर आली नानांच्या नातीची हळद. बाप लवकर गेलेल्या या पोरीला नानांनीच वाढवलेलं. गव्हाणची हळद म्हणजे अख्खा गाव, बँजो, पहाटेपर्यंत नाच. आणि अर्धा गाव खोकत होता.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मांडवात जायचं नाही. फुप्फुसं अजून सावरलेली नाहीत, दुसऱ्यांदा झेपणार नाही.

नाना भांडतील असं वाटलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडले. मला फार वाईट वाटलं.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं डायलिसिस होतं. आले ते मास्क लावून, आणि मास्कवर दोन्ही गालांच्या जागी पिवळीजर्द बोटं उमटलेली! मी आधी ताप बघितला. नव्हता. मग नवा मास्क पुढे केला.

"गेलातच ना मांडवात? काढा तो, पार खराब झालाय."

नानांनी मास्क दोन्ही हातांनी दाबून धरला.

"मांडवात नाय गेलो. पोरगी एकटीच माज्या खोलीत आली. मी तिच्या गालाला लावली. मंग ती बोलली, नाना, तुमी मास्क काडू नका. नि मला वरूनच लावली."