उजव्या गालाची नोंद

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला मुलं थेंबमामा म्हणत. नाव मुलांनी ठेवलं, शिक्षकांनी उचललं आणि निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांनीही तेच वापरलं. पदाने ते प्रयोगशाळा परिचर. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणं तयार करायची, कपाटांना कुलपं लावायची. पण पाण्यात अ‍ॅसिड सोडताना हा माणूस ओठ हलवत थेंब मोजायचा, आणि मध्येच कुणी हाक मारली तर उत्तर न देता एक बोट वर करायचा. हाक मारणारे मुख्याध्यापक असले तरी बोट तेच.

"साधारण" हा शब्द त्यांना चालत नसे. "मामा, साधारण किती वाजले?" असं विचारलं की म्हणत, "साधारण मला माहीत नाही. अकरा वाजून सात मिनिटं झालीत."

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. निरीक्षण, नोंद, निष्कर्ष हे तीन शब्द मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले की खडू आपोआप त्या वळणाने जायचा. मुलांनी प्रयोग न करताच आकडे जुळवून लिहिले तर मी लाल शाईत "पुन्हा करा" लिहून वही परत करायचे. मात्र चोरी पकडायचे ते मामा. वह्या माझ्या टेबलावर येण्याआधी त्यांच्या हाताखालून जात आणि त्यातल्या दोन-चार ते बाजूला काढून ठेवत. "बाई, ह्यांचं फार सरळ आलंय," एवढंच म्हणत. "खरं रीडिंग जरा वाकडं असतं." श्रेय मी घ्यायचे. बाईंची नजर घारीसारखी आहे असं मुलांना वाटायचं आणि मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

निवृत्तीनंतर मामा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात गेलं की शाळेत गेल्यासारखं वाटतं. साखर, मीठ, चहा, सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठीवर भरल्याची तारीख. मामी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. दिवसभर परक्यांची भांडणं जोडून द्यायच्या आणि घरी येऊन त्यावर मनसोक्त हसायच्या. त्यांचं हसणं फाटकाबाहेर ऐकू यायचं, आणि बहुतेक वेळा ते मामांवरच असायचं. मामांना ते आवडायचं. तसं त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मामी हसायला लागल्या की ते हातातलं काम ठेवून उभे राहायचे.

गेल्या वर्षी मामींना मोठं आजारपण आलं. उपचार लागू पडले, पण जाताना त्यांच्या चेहऱ्याची कातडी कागदासारखी पातळ आणि कोरडी करून गेले. बाजारातलं काहीही लावलं की आग व्हायची. हसलं की गाल ओढले जाऊन तडकायचे. म्हणून त्या हसेनाशा झाल्या, गॅलरीत उन्हाला बसेनाशा झाल्या, आणि कुणी गमतीचं बोललं तर हाताने नको म्हणायच्या. "आमच्याकडे आता घड्याळ ऐकू येतं, बाई," असं मामा एकदा मला म्हणाले.

डॉक्टरांनी साधं तेल चालेल म्हणून सांगितलं होतं. आता साधं म्हणजे किती साधं, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला नसता. मामांना पडला. तीन आठवड्यांनी ते सकाळी आमच्या दारात उभे. हातात तपकिरी बाटली, काचेचा ड्रॉपर आणि एक कोरी वही.

"बाई, तुमचा डावा गाल दहा दिवस पाहिजे."

माझी सून चहा गाळत होती. ती मान न वळवता म्हणाली, "मामा, उजवाही घेऊन जा. मला सांभाळायला तेवढंच कमी."

मामांनी सगळं समजावून सांगितलं. सूर्यफुलाचं तेल, त्यात थोडं बदामाचं, आणि त्यात लिंबाच्या वाळवलेल्या साली मुरवून गाळलेलं. साली कशाला, तर मामींना औषधांच्या वासाचा वीट आला होता आणि लिंबाचा वास त्यांना पहिल्यापासून आवडतो.

"स्वतःवर लावून पाहिलंत?" मी विचारलं.

"माझ्या कातडीवर काय दिसणार? बत्तीस वर्षं अ‍ॅसिडात कमावलेली आहे ती. तुम्हाला मात्र खडूच्या धुळीनेही पुरळ यायचं. तुमच्याइतकी कुरकुर करणारी कातडी माझ्या ओळखीत दुसरी नाही."

असं कौतुक आयुष्यात प्रथमच वाट्याला आलं होतं. मी बाटली घेतली.

"रोज सकाळी तीन थेंब, डाव्या गालाला. उजव्याला काही नाही. तुलना पाहिजे."

"तुलना म्हणजे काय ते मला सांगताय?"

"नाही बाई. तुम्हीच सांगायचात वर्गात. मी मागे नळ्या धूत ऐकायचो."

पहिले तीन दिवस मी अगदी आदर्श वागले. तोंड धुवायचं, डाव्या गालाला तीन थेंब, मग खिडकीजवळच्या उंच पाठीच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसायचं आणि नंतर वहीत नोंद करायची. "दिवस दुसरा. डावा गाल मऊ. वास चांगला. माशी बसली, पण ती उजव्यावर." अशा माझ्या नोंदी.

चौथ्या दिवशी सून चहाचा कप देताना थबकली. "आई, तुमचा डावा गाल बरा दिसतोय हो. उजवा त्याचा मोठा भाऊ वाटतो."

तिने सहज म्हटलं, पण रविवारी आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचं संमेलन होतं. तिथे फोटो काढणार होते. मी आरशासमोर उभी राहिले आणि मान इकडून तिकडे वळवून पाहिली. एका बाजूने निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या बाजूने जेमतेम पन्नाशीची बाई. फोटोत कडेची जागा मिळाली तर भागेल, असाही विचार करून पाहिला. पण माजी शिक्षकांना मध्ये बसवतात. ज्या वयात माणसाने असल्या गोष्टी सोडून द्याव्यात ते वय माझं केव्हाच मागे पडलंय, हे मला माहीत होतं. तरी उजव्या गालाला तीन थेंब लावले. एका दिवसाने काय होतंय, म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हटलं.

वहीत मात्र लिहिलं, "उजवा गाल : तेलाशिवाय."

 छान, गोल अक्षरात लिहिलं.

संमेलन झालं. फोटोत मी दोन्ही बाजूंनी चकाकत होते, इतकी की फोटोवाल्याने "बाई, जरा टिपून घ्या" म्हटलं. आठव्या दिवशी उजवा गाल लालसर दिसायला लागला. नवव्या दिवशी खरखरीत झाला आणि पाणी लागलं की चुरचुरायला लागला. डावा लोण्यासारखा. मी वहीत लिहिलं, "उजवा गाल (तेलाशिवाय) : लाल, कोरडा. डावा (तेलासह) : उत्तम." लिहिताना आपण खोटं लिहितोय हेदेखील माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. उजव्या गालाला ऊन लागलं असेल, खिडकी त्याच बाजूला आहे, असं म्हणून वहीत "कारण : ऊन" एवढं जोडून मी मोकळी झाले. डाव्यालाही तेल, उजव्यालाही तेल, मग फरक कशाने, हे नववीच्या मुलाने विचारलं असतं. मी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी वही मामांना नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे बिनतेलाचा गाल उन्हाने लाल झाला आणि तेलाचा राहिला. बाई, हे तेल ऊन सोसतं. उद्या सकाळी आठला हिला लावतो आणि गॅलरीत बसवतो. चार महिन्यांत बसली नाहीये."

आतून मामी म्हणाल्या, "आधी चहा द्या, मग काय ते माखा." मी मान डोलावली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून माझ्या खुर्चीचं कव्हर धुवायला काढत होती. "आई, हे बघा. दोन्ही बाजूंना तेलाचे डाग. तुम्ही उजव्यालाही लावता ना?"

"थोडंसं."

"मग उजवाच का भाजल्यासारखा झालाय? खिडकीच्या बाजूचा?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ते तेल, ते ऊन आणि तो गाल एका ओळीत आले. ऊन नसलेल्या बाजूला तेल चाललं होतं. ऊन आणि तेल एकत्र आलं तिथेच गाल बिघडला होता. आणि मामी आठ वाजता उन्हात बसणार होत्या, माझ्यापेक्षा दसपट नाजूक चेहरा घेऊन. आठला बारा मिनिटं होती. फोन करावा तर मामा तो वापरून झिजू नये म्हणून कपाटात ठेवतात. मी घरातल्या सपाता घालूनच निघाले. दोन गल्ल्या मी शेवटच्या कधी धावत पार केल्या होत्या ते आठवत नाही. त्या दिवशीही धावले असं म्हणता येणार नाही, पण वाटेत दूधवाल्याने सायकल थांबवून "बाई, काय झालं?" विचारलं, म्हणजे प्रयत्न दिसत होता.

मामी गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या, गळ्याभोवती स्वच्छ टॉवेल. मामांनी ड्रॉपर तळहातात धरून कोमट केला होता आणि ओठ हलायला लागले होते.

"लावू नका," मी म्हटलं.

मामांनी सवयीने बोट वर केलं. मी ते बोट धरलं. पस्तीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा.

दम खात मी सगळं सांगितलं. चौथ्या दिवसापासून दोन्ही गाल. संमेलन. फोटो. वहीतलं "तेलाशिवाय" खोटं. लाल गालावर ऊन होतं आणि तेलही होतं.

 मामांनी ड्रॉपरमधलं तेल बाटलीत परत सोडलं, झाकण लावलं, बाटली उन्हातून उचलून आत ठेवून आले. मी मामींकडे पाहायचं टाळत होते.

"फोटोसाठी?" मामी म्हणाल्या.

"हो."

"कसा आला?"

"चकाकतोय."

मामींनी दोन्ही तळव्यांनी गाल दाबून धरले. खांदे हलायला लागले. "नका हो, नका हसवू, ओढतंय," म्हणत त्या हसत होत्या आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दुखण्याचं किती आणि हसण्याचं किती ते मला सांगता यायचं नाही. मामा हातातलं काम ठेवून उभे होते. हातात काम नव्हतं, तरीही.

मग त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. "पेन देतो. खरं लिहा."

"मामा, तुम्ही ओळखायला हवं होतं. इतकं सरळ आलेलं."

"ओळखलं असतं," ते म्हणाले. "मला ते खरं असायला हवं होतं ना. म्हणून नेहमीसारखं बघितलं नाही."

मी चौथ्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी खोडून नव्याने लिहिल्या. लिंबाच्या सालीचा अर्क अंगावर असताना ऊन लागलं तर काहींची कातडी भाजते, हे मामांनी दुपारी डॉक्टरांना विचारून पक्कं केलं. साली गेल्या. वास गेला. राहिलं सूर्यफुलाचं आणि बदामाचं.

नव्या तेलाची चाचणी कुणावर करायची, हा प्रश्न आला तेव्हा मामींनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एकाला खरं व्हायला हवं असतं, दुसरीला गोरं दिसायला. वही इकडे द्या." त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला रोज एक थेंब लावला आणि स्वतः लिहिलं. मामांना वहीला हात लावू दिला नाही. मला तर बघूही दिलं नाही.

आठव्या दिवशी मला बोलावणं आलं. मामी गॅलरीतच होत्या, सावलीच्या टोकाला. मामांनी वही वाचून दाखवली. पहिल्या दिवशी लिहिलं होतं, "काही नाही." दुसऱ्या दिवशी, "काही नाही, पण हे दर पाच मिनिटांनी येऊन बघतात." तिसरा दिवस, "काही नाही. जरा खाजलं, ते डास चावल्याचं." असं करत आठवा दिवस. तिथे मामींनी तारीख आणि वेळ घातली होती आणि खाली एकच वाक्य, "काहीही झालेलं नाही."

मामा हे वाक्य वाचून थांबले. मग पुन्हा वाचलं.

"जरा वाकडं आहे ना, मामा?" मी विचारलं.

"डासामुळे," ते म्हणाले. "खरं आहे."

मामींनी आपल्याच बोटावर थेंब घेतला, मामांना मोजू दिलं नाही, आणि गालावर टेकवला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो. त्यांनी बोट हळूहळू कानापर्यंत नेलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आता काय दहा दिवस इथेच उभे राहणार आहात का दोघं? बसा."