माझ्या कोपराखालचा ओटा

खराब झाले होते ते पल्ले. फक्त पल्ले. हे मी तेव्हा घरात इतक्यांदा सांगितलं की मलाच माझ्या तोंडाचा कंटाळा आला. ओट्याखालच्या कपाटांच्या दारांचं प्लाय पाण्यानं फुगलं होतं, सनमायका सुटला होता आणि सिलिंडरच्या कप्प्याचं दार सुतळीनं बांधून ठेवावं लागे. पण आतल्या चौकटी सागवानाच्या, गावच्या, सौंदडच्या आमच्या शेतातल्या झाडाच्या. त्यांना ना वाळवी लागली होती ना ओल. नवे पल्ले लावायचे, बिजागऱ्या बदलायच्या, संपलं.

पण मुलाच्या लग्नाचं पाहायला सुरुवात झाली होती. मुलगा गोंदियातच एका राईस मिलमध्ये नोकरीला, यजमान नुकतेच निवृत्त. म्हणजे एकाला हौस आणि दुसऱ्याला वेळ. दोघांनी मिळून ठरवलं की ओट्यासकट सगळं तोडायचं आणि मॉड्युलर किचन बसवायचं.

"आजकाल पोरीवाले आधी किचन पाहून राहिले," यजमान मला समजावत होते. स्वतः त्यांनी जन्मात स्वयंपाकघर पाहिलं ते पाण्याच्या ग्लासापुरतं.

आणि तो ओटा असा-तसा नव्हता. नव्याण्णव साली गाव सोडून आम्ही इथे घर बांधलं, तेव्हा मिस्त्रीनं ओट्याची उंची विचारली. सासरे म्हणाले, "साऱ्यायचा राहते तसा घे." त्यावर सासूबाई पुढे आल्या. त्यांनी मला भिंतीला टेकून उभं केलं, हात कोपरातून वाकवायला लावला आणि त्याच्या खाली कोळशानं रेघ ओढली. "माही तं जिंदगी बसून रांधण्यात गेली," त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "हिले उभं राहा लागते. या रेघेवर घे." मी चांगलीच बुटकी. रेघ इतकी खाली आली की मिस्त्रीनं दोनदा विचारून खात्री केली. सासूबाई मला कधी दोन गोड शब्द बोलल्या नाहीत, पण ही रेघ ओढली. त्यानंतर इतकी वर्षं रांधलं, माझा खांदा कधी दुखला नाही.

किचनच्या दुकानातला माणूस टेप घेऊन घरी आला. त्यानं भिंत मोजली, खिडकी मोजली, सिंक मोजलं, सिलिंडरसुद्धा मोजलं. मग आम्ही दुकानात गेलो. तिथल्या नमुन्याच्या ओट्यापुढे उभी राहून मी पोळी लाटल्यासारखे हात चालवून पाहिले, तर खांदे कानाला टेकले.

"भैया, ये तो ऊँचा है."

"मॅडम, स्टँडर्ड यही आता है. दिक्कत हो तो नीचे एक पाटा रख लीजिए."

यजमान हसले. मुलगा म्हणाला, "आई, सवय होऊन जाते." माझं डोकंच फिरलं. माझ्याच स्वयंपाकघरात मी पाटावर चढून पोळ्या लाटायच्या! पाटावर मी एकदाच उभी राहिले होते, अंतरपाटामागे, आणि त्याचं काय झालं ते समोरच हसत बसलं होतं. मी नाही म्हणाले. आमच्या घरात माझ्या 'नाही'चा अर्थ 'नंतर बघू' असा घेतात.

पुढे भाचीच्या बाळाच्या बारशाला मी माहेरी देवरीला गेले. बसनं परत आले तर भांडी अंगणात, शेगडी अंगणात, जुने पल्ले निघालेले आणि मिस्त्री हातोडा घेऊन ओट्यापाशी उभा.

"तुले तरास नको म्हणून तू नसताना उरकून घेऊन राहिलो," यजमान म्हणाले. वर उपकार!

मी हातपाय धुतले. शेगडी उचलून ओट्यावर ठेवली, सिलिंडर ढकलत आणला, नळी लावली आणि भात टाकला.

"भाभीजी, जरा हटो," मिस्त्री म्हणाला.

"मार हातोडा. भात शिजून राहिला."

त्यानं हातोडा खाली ठेवला. आमच्याकडे पेटत्या चुलीला कोणी हात लावत नाही. घर बदलतानाही ती विझेपर्यंत थांबतात. "जलते चूल्हे पे मैं नहीं मारता, साहब," असं यजमानांना सांगून तो अंगणात जाऊन बसला. भातानंतर मी वरण ठेवलं, मग वांग्याची भाजी, आणि करायला काही उरलं नाही तेव्हा नुसतं पाणी उकळत ठेवलं. संध्याकाळ व्हायला आली.

"काऊन तमाशा करून राहिली?" यजमान कावले.

"भिंत मोजली, खिडकी मोजली, सिलिंडर मोजलं. मले कोणी मोजलं?"

त्यांनी अंगणात जाऊन मिस्त्रीला काम थांबवायला सांगितलं. मिस्त्री निघून गेला. मोठं काम हातचं गेलं म्हणून तोंड वाकडं करत किचनच्या दुकानातून आलेल्या सुतारानं नुसत्या पल्ल्यांची मापं घेतली.

नवे पल्ले लागले, स्टीलच्या मुठी लागल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं की सगळंच नवं केलं. यजमान पाहुण्यांना सांगत, "तोडण्यापेक्षा पल्लेच बदलू म्हटलं, आपलीच आयडिया." ते आठवलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मग सून आली. गुणी, आणि चांगली उंच. माझ्या ओट्यावर भाजी चिरताना ती वाकायची आणि मधूनच कमरेला हात लावायची. बोलायची मात्र काही नाही. एकदा मीच विचारलं, "कंबर दुखते का गं?"

"नाही आई. सवय होऊन जाईल."

मला दुकानातला तो पाट आठवला आणि संताप आला. हिलाही कोणी विचारलं नव्हतं, आणि या वेळी त्या न विचारणाऱ्यांत मीही होते. कढई शेगडीवर होती. मी हात लांब करून गॅस बंद केला.

"आता काऊन बंद केला?" यजमान दारातून ओरडले.

"मिस्त्रीले बोलवा."

सुनेला भिंतीला टेकून उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि रेघ मी ओढली. खिडकीकडचा अर्धा ओटा उचलायचा, त्याच चौकटी, तेच पल्ले, खाली विटा. काम झाल्यावर मिस्त्रीनं लेव्हल ठेवून पाहिली आणि मान हलवली.

"भाभीजी, आधा ऊपर, आधा नीचे. लोग मेरे पे हँसेंगे."

"हसू दे," मी म्हटलं. "आमी दोघी तरी कुठं एका उंचीच्या हावोत?"