मोरीतल्या पतंगांचा पंचनामा

"अजी, धावा, तुमची रोपं गेली!" बायको मोरीतून ओरडत होती. "सागाचा पतंग घरात घुसला."

मी तोंडातली दातणाची काडी तशीच धरून धावलो. आलापल्लीच्या आमच्या सरकारी क्वार्टरची मोरी ती, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास बाहेरच सोडावा, एवढी. बादलीच्या वर भिंतीवर राखी रंगाचे केसाळ किडे पंख पसरून बसले होते. दहा-बारा असतील, पण मला पलटणच दिसली; आणि एकूण एक शिपाई माझ्याकडे बघून झुपकेदार मिशा हलवत होता.

घाबरायला कारण होतं. मी वनखात्यातला गार्ड आणि क्वार्टरच्या मागची सागाची रोपवाटिका माझ्या ताब्यात. अख्खा उन्हाळा कावडीनं पाणी वाहून मी ती रोपं जगवली होती. खांद्याला असा घट्टा पडला होता, की कुऱ्हाड मारली असती तर कुऱ्हाडीलाच धार लावावी लागली असती. आणि रेंजरसाहेबांनी बजावून ठेवलेलं: पानं खाणारा पतंग दिसला की लेखी कळवा, सगळ्या वाफ्यांतली रोपं उपटून जाळून टाकू.

"पण हे तं तिळाएवढे दिसून राह्यले," बायको म्हणाली.

"पिल्लं हायेत. मोठे व्हायच्या आत कळवा लागते."

खात्याच्या माणसाला संकटात एकच गोष्ट सुचते. मी उकिडवा बसून पंचनामा लिहायला घेतला. ठिकाण: मोरी. मुद्देमाल: पतंग, जिवंत. जबाबदार इसम: मी स्वतः. खाली अशी झोकदार सही ठोकली, की तिचं शेपूट कागदाबाहेर फरशीवर गेलं. पंच म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या बाईला बोलावलं. तिचा जन्म ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या कोशाच्या अळ्या पाळण्यात गेला होता.

"बाई, अंगठा लावा इथी. पतंगाची पिल्लं निंगाली."

"पतंगाचं पिल्लू उडते काय, भाऊ? थे तं अळी रायते, सरपटते. एकदा पंख फुटले का वाढ खतम."

तिनं ओल्या बोटावर एक किडा टिपला आणि माझ्या नाकाखाली धरला. "पतंगाले चार पंख रायते. याचे मोजा."

मोजले. दोन. पुन्हा मोजले, सरकारी सवयीनं. दोनच.

मग तिनं पाणी जायच्या भोकातून काडीनं काळा बुळबुळीत गाळ वर काढला. त्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळत होत्या. "हे पाहा पिल्लं. साबणाच्या मळावर वाढते. याले सागाचं पान वाढलं तं ताट सरकवून देईल. मोरीची माशी हाय हे. घासा मोरी, दुसरं काई नाई."

बाई अंगठा न लावताच गेली. मी पंचनामा खिडकीत ठेवला आणि मागच्या दारातून वाफ्यांकडे पाहिलं. रोपं जागेवर होती. एकानं तर मला पाहून मान डोलावली, खोटं सांगत नाही. छाती पुन्हा फुगली. तसाच मोरीत आलो आणि आवाजात रेंजर आणून विचारलं, "इतका मळ साचला, हे मोरी घासाचं काम कोणाचं हाय?"

बायकोनं खिडकीतला कागद उचलला, ओळीवर बोट ठेवलं.

"जबाबदार इसम: मी स्वतः. तुमीच लिवलं हाय."