शेवटच्या गाण्याचा राहिलेला भाग

भाचीच्या संगीतात मी डीजेवाल्याशी भांडले, हे आमच्या नात्यात आता सगळ्यांना माहीत आहे. माझा मुलगा तर आल्यागेल्याला चहाबरोबर तो किस्सा ऐकवतो. त्यात माझी बाजू कोणी घेत नाही. पण भांडण कशावरून झालं तेही कोणी नीट सांगत नाही, म्हणून मीच सांगते.

भांडण एका गाण्यावरून झालं. ब्रिटनमधल्या एका नाचगाण्यांच्या बँडचं गाणं. मुलंमुली एकत्र, चकचकीत कपडे, सगळ्यांचे हातवारे एकसारखे, आणि गाणी अशी की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा. या बँडने आपली गाजलेली गाणी एका अल्बममध्ये गोळा केली होती. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तो अल्बम आमच्या घरी आला. सीडी नाही आली, कारण ती वाजवायला घरात काही नव्हतं. मेन रोडच्या एका गल्लीत कॅसेट भरून देणारं दुकान होतं, तिथल्या काकांकडे ती सीडी होती. आपण कोरी कॅसेट नेऊन द्यायची आणि काही दिवसांनी भरलेली आणायची, अशी तेव्हाची पद्धत होती.

आता सीडी मोठी आणि कॅसेट लहान. काकांनी स्वतःला न आवडलेली गाणी खुशाल गाळली, तरीही शेवटचं गाणं मावलं नाही. ते अर्ध्यातच तुटायचं. गाणं ऐन रंगात यायचं, ठेका चढायला लागायचा, आणि टेपरेकॉर्डरचं बटण खट् करून वर यायचं. माझं डोकंच फिरलं. मी चप्पल घालून दुकानात भांडायला निघाले होते. ताई म्हणाली, राहू दे गं, आपण इथेच संपवू.

आणि तिने खरंच तिथे संपवलं. त्या गाण्यावर तिने आम्हा दोघींचा नाच बसवला. बटण वर आलं की एक हात कमरेवर, दुसरा वर, मान डावीकडे, आणि तसंच थांबायचं. कॉलनीच्या गणपतीत आम्ही तो नाच केला तेव्हा टेपरेकॉर्डर माइकसमोर ठेवला होता. तो खट् आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला आणि आम्ही दोघी त्याच क्षणी जागच्या जागी थांबलो. लोकांना वाटलं हे मुद्दाम केलंय. ताईइतकं चांगलं नाचणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही, आणि ही बहीण म्हणून केलेली तरफदारी नाही.

मग ताईचं लग्न झालं. सासर पंचवटीत, घर भिक्षुकीचं. गोदावरीवर दहाव्यासाठी, अस्थी सोडण्यासाठी बाहेरगावहून जी माणसं यायची, त्यांची उतरायची सोय त्यांच्याच घरी असायची. कोणाचे वडील गेलेले, कोणाची आई, कोणाचा तरणाताठा मुलगा. विधी आटोपून ती माणसं पुढच्या खोलीत येऊन बसायची. डोक्याचे गोटे केलेले, डोळे सुजलेले. ताई त्यांना चहा द्यायची. अशा घरात टेप लावून नाचणार कोण?

सासूने अडवलं असतं तर मला निदान तिच्यावर चिडता आलं असतं. पण सासूबाई चांगल्या होत्या. सुनेच्या बॅगेत कॅसेट बघून त्यांनीच म्हटलं होतं, एकदा मलाही ऐकव तुझी गाणी. ऐकवायची कधी? आज घोटीची माणसं, उद्या मालेगावची, परवा आणखी कुठली. घरातलं कोणी गेलेलं नसताना ते घर कायम कोणा ना कोणाच्या दुःखात असायचं. मी गेले की ताईला म्हणायची, लाव ना ती कॅसेट. ती हळूच म्हणायची, आज नको, बाहेर लोक बसलेत. त्या अनोळखी, रडून दमलेल्या माणसांचा मला राग यायचा. असा राग येऊ नये हे कळतं, तरी यायचा.

सासरे गेल्यावर ते काम बंद झालं. भावजी बँकेत होते. पुढच्या खोलीत सोफा आला, टीव्ही आला. पण तोवर कॅसेटची फीत बुरशीने चिकटून गेली होती आणि ताईची पन्नाशी जवळ आली होती.

हे सगळं मी विसरूनही गेले असते. एकदा सकाळी गोदापार्कवर चालत होते. कानात फोनची गाणी. मला काय आवडेल ते ॲपनेच ठरवलं आणि नेमकं हेच गाणं लावलं. ठेका चढला, मी सवयीने खट् ऐकायला थांबले, आणि गाणं पुढे गेलं. पुढे ढोल बंद होतो. नुसत्या टाळ्या राहतात. त्या टाळ्यांवर एक मुलगी बोलल्यासारखं हलकंच गाते, आणि मग सगळी वाद्यं एकदम परत येतात. आमच्या नाचापेक्षाही सुंदर भाग होता तो, आणि इतकी वर्षं तो आम्हाला ठाऊकच नव्हता. मी तिथूनच ताईला फोन लावला. म्हटलं, ताई, ते गाणं पुढे आहे. ती मेथी निवडत होती.

म्हणाली, "असेल."

त्या एका शब्दाने माझी दिवसभर चिडचिड झाली. ताईचं हे नेहमीचंच. शाळेतल्या नोकरीची ऑर्डर आली होती, घरात कामाला माणूस नाही म्हणून सोडली, म्हणे असू दे. स्वतःच्या लग्नातला शालू नणंदेला दिला, म्हणे असू दे. कोणी काही अर्ध्यावर तोडलं की ही तिथेच हात वर करून उभी राहणार आणि वर हसणार.

म्हणून ताईच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न ठरलं तेव्हा मी जाहीर केलं की संगीतात आम्ही दोघी तो नाच करणार, आणि आख्खा करणार. घाई करण्याचं कारणही होतं. ताईचा उजवा गुडघा पार गेला होता. लग्न उरकलं की ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं आणि त्यानंतर नाचबिच विसरा, असंही. म्हणजे ही एकच वेळ होती. ताई आधी नाहीच म्हणाली, मग बघू म्हणाली, मग एक दिवस तिने विचारलं, पुढे काय आहे म्हणालीस त्या गाण्यात? तेव्हा मला कळलं की तिला करायचं आहे.

गाणं शोधायला गेले तर ॲपवरून तो अल्बम गायब. गाण्यांची नावं दिसत होती, पण सगळी फिकी, बोट ठेवलं तरी हलायची नाहीत. आपल्या देशात उपलब्ध नाही म्हणे. त्याच गाण्याचे बाकी अवतार मात्र ढीगभर होते. एक स्टेजवरचं, त्यात लोकच जास्त ओरडतात. एक व्यायामासाठीचं, त्यात ठेका इतका जलद की ताईचे दोन्ही गुडघे गेले असते. टाळ्यांचा तो भाग कोणीच ठेवला नव्हता. शेवटी मुंबईतल्या एका माणसाकडून जुनी सीडी मागवली. ती आली, आणि वाजवायला घरात पुन्हा काही नाही. चालणारा सीडी प्लेअर होता फक्त माझ्या जुन्या गाडीत.

मग आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीची चारही दारं उघडी टाकून आमची तालीम सुरू झाली. सेक्रेटरींनी दोनदा खाली येऊन आवाज कमी करायला सांगितलं. ते मी ऐकून घेतलं. खरा ताप वेगळाच होता. टाळ्यांच्या भागासाठी मी नवीन नाच बसवला होता. दोघींनी पाठीला पाठ लावायची, टाळ्या वाजवत गोल फिरायचं, मग ताईने हात पुढे करायचा, मी तो धरायचा आणि आम्ही जागा बदलायच्या. साधं होतं. पण जुनी जागा आली की ताईचा हात वर जायचा, मान डावीकडे वळायची आणि बाई तिथेच थांबायची. गाडीतलं गाणं आपलं पुढे चालू. मी ओरडायची, ताई, पुढे आहे. ती दचकून म्हणायची, हो की. पुढच्या वेळी पुन्हा तेच. शेवटच्या तालमीलाही ती थांबली. मी चिडून म्हटलं, तुला पाठच होणार नाही हे. ती गाडीच्या सीटवर बसून गुडघा चोळत म्हणाली, होईल गं.

त्यात ती कोरिओग्राफर पोरगी. तिचं म्हणणं, प्रत्येकाला गाण्याची फक्त मुख्य ओळ द्यायची, म्हणजे लोक कंटाळत नाहीत. आधी बँडने शंभर गाण्यांतली वीस निवडली, मग दुकानातल्या काकांनी त्यातली गाळली, आता ही उरलेल्यातून ओळ उचलणार. मी तिला सांगितलं, बाकी सगळ्यांचं काय हवं ते कर, आमचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजलं पाहिजे. मी वधूची मावशी, म्हणून तिने मान हलवली. सीडीवरचं गाणं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं, तो डीजेवाल्याला देताना मी त्यालाही बजावलं, मध्ये हात लावायचा नाही.

संगीत गंगापूर रोडच्या लॉन्सवर होतं. वरपक्ष मालेगावचा. त्यांच्या बसेस महामार्गावर कुठेतरी अडकल्या होत्या, म्हणून आमच्याकडच्यांचे कार्यक्रम आधी उरकायला घेतले. आमचं नाव पुकारलं. ताईने पदर खोचला, गुडघ्याचा पट्टा साडीखाली चाचपून पाहिला आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. गाणं सुरू झालं. ती नाचायला लागली आणि पुढच्या रांगेतले लोक बोलायचे थांबले. मला रडूच येत होतं. ठेका चढला. जुनी जागा आली.

आणि गाणं बंद पडलं.

वरपक्ष दारात आला होता. डीजेवाल्याने आमचं गाणं तोडून माइक घेतला होता आणि आगमन हो आगमन असं ओरडत होता. मी स्टेजवरून उतरले ती थेट त्याच्या टेबलापाशी. त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. गाणं लाव म्हटलं, आत्ताच्या आत्ता. तो म्हणत होता, मॅडम, एन्ट्रीचं गाणं लावायचंय, तुमचं नंतर घेऊ. मी म्हटलं, नंतर नाही. तो लॅपटॉपमध्ये एन्ट्रीचं गाणं शोधत होता, मी लॅपटॉप ओढत होते. मागे टाळ्या वाजायला लागल्या. मला वाटलं नवरदेवासाठी आहेत, म्हणून मी आणखीच मोठ्याने बोलायला लागले.

मग लक्षात आलं की टाळ्या एका ठेक्यात आहेत. मी मागे वळले.

ताई थांबली नव्हती. गाणं नसताना ती एकटीच नाचत होती. स्वतः टाळ्या देत होती आणि समोरची माणसं, दारातून आत आलेली मालेगावची माणसंसुद्धा, तिच्याबरोबर टाळ्या वाजवत होती. गोल फिरणं बहुतेक होऊन गेलं होतं. तिने हात पुढे केला होता. तो माझ्या जागेकडे होता. मी धावले, पण मधे खुर्च्या होत्या आणि लॉन्सभर माणसं होती. मी स्टेजच्या पायरीशी पोचेपर्यंत वरपक्षाचं गाणं दणाणलं, आणि नवी विहीणबाई हसत हसत वर चढली. तिने ताईचा तो हात धरला आणि नाचायला लागली.

जेवणं झाल्यावर मी ताईला शोधत गेले तेव्हा ती वधूच्या खोलीत खुर्चीवर बसून गुडघ्याला बाम चोळत होती. चेहरा लाल, केस सुटलेले, अशी मी तिला गणपतीच्या त्या कार्यक्रमानंतर पाहिलीच नव्हती. मी डीजेवाल्याला शिव्या घालायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं.

"तू कुठे गेलीस गं मधेच?"

म्हटलं, गाणं परत लावून घ्यायला.

ताईने बामाच्या डबीचं झाकण लावलं. "अगं, पण मला पाठ होतं की."