कानसेन आणि गाडीतली शिट्टी

गुरुवारी संध्याकाळच्या बसने कानसेनची बायको कायमची बहिणीकडे राहायला चालली होती, आणि कानसेनची समजूत अशी की ती चार दिवस हवापालट करून परत येणार. गंमत म्हणजे जायची परवानगी त्यानेच दिली होती. गंमत आपण म्हणायची. त्या घरात कुणाला हसू येत नव्हतं.

कानसेन हे नाव त्याला गॅरेजवाल्यांनी ठेवलेलं. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन तरी व्हावं म्हणतात. या गृहस्थाने त्यावर संसार चालवला. गॅरेजच्या रांगेत, पत्रा ठोकणाऱ्या एका डेंटरला लागून त्याचं गाड्यांचे टेप दुरुस्त करायचं दुकान होतं. शटर वर केलं की एक टेबल, एक स्टूल, भिंतीला टांगलेली वायरींची भेंडोळी आणि एवढ्या तेवढ्यावरून पेटणारा मालक. पण कान असा की गाडी दारात येऊन थांबेपर्यंत हा बसल्या जागेवरून सांगे, "मागच्या उजव्या स्पीकरचा कागद फाटलाय." उघडून बघावं तर फाटलेला. डेंटर म्हणे, याच्या देखत पोटात कावळे ओरडू देऊ नका, कुठल्या बाजूचा ओरडला तेही सांगेल.

अलीकडे त्याच्याकडे काम बहुतेक एकाच प्रकारचं येई. गाडी जुनी, तिच्यात कंपनीनेच बसवलेला कॅसेटचा सेट, आणि मालकाची गाणी सगळी फोनमध्ये. सेटला फोन जोडायला जागाच नाही. नवा सेट घ्यावा तर तो डॅशबोर्डच्या खाचेत बसत नाही, बसला तर शोभत नाही. मग कानसेन जुना सेट ओढून बाहेर काढी, झाकण उघडी, कॅसेटचा आवाज जिथून व्हॉल्यूमच्या बटणाकडे जातो तिथे डाग देऊन बारीक वायरी बाहेर आणी आणि त्यांच्या टोकाला फोनची पिन खोचायचं ऑक्सचं सॉकेट बसवी. तरी एक अडचण उरे. कॅसेट फिरत नसेल तर हे सेट आवाज पुढे जाऊच देत नाहीत. त्यासाठी टेबलाच्या खणात पोट काढलेल्या कॅसेटी ठेवलेल्या असत. आत फीत नाही, नुसती चाकं गरगर फिरतात. सेटला वाटतं आपण कॅसेट वाजवतोय, वाजत असतो फोन. सेटला असं उल्लू बनवण्यात कानसेनला अजूनही मजा वाटे.

काम झालं की त्याचा एक रिवाज होता. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, सगळ्या काचा वर करायच्या, इंजिन चालू करायचं, गाणं लावून थांबवायचं आणि डोळे मिटून अ‍ॅक्सिलरेटर दाबत ऐकत राहायचं. स्पीकरमधून ना गुणगुण, ना खरखर, अशी खात्री पटली की काच खाली करून एकच शब्द बोलायचा: "साफ." तो शब्द तोंडातून निघाल्याशिवाय गाडी रांगेतून हलायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, डेंटरसुद्धा त्यांना सांगे, "थांबा, अजून साफ झालं नाही."

असा हा माणूस बहिरा होत चालला होता.

बारीक, उंच आवाज आधी गेले. दाराची बेल गेली, फोनची किणकिण गेली, मग बायकोच्या बोलण्यातली अक्षरं एकेक करून गळायला लागली. त्याला वाटलं, हीच हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते. "काय म्हणालीस?" असं विचारणं कानसेनला शोभलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग त्याने दोन उत्तरं तयार ठेवली. तिचा सूर सरळ वाटला की "हो हो", आणि शेवटी वर गेला की "बघू". बहिऱ्याचं सोंग घेणारे नवरे घरोघरी सापडतात. हा ऐकणाऱ्याचं सोंग घेत होता. बायकोचं बोलणं पुरुष या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडून देतात असं म्हणतात, याचं पहिल्या कानाशीच अडलेलं.

बायको मूळची बोलकी. लग्न झाल्यापासून दिवसभराचं सगळं ती रात्री पानावर वाढायची आणि हा प्रत्येक गोष्टीला काहीतरी टोचून बोलायचा, त्यातच दोघांचं सुख होतं. ते टोचणं बंद झालं तेव्हा तिला आधी राग आला, मग भीती वाटली. एकदा ती त्याच्या पाठीमागून म्हणाली, "मी तुम्हाला दिसते तरी का?" त्याने मान हलवून सांगितलं, "बघू." त्या दिवसानंतर ती मोजकंच बोलायला लागली. घरात शांतता पसरली, आणि कानसेनला ती बरी वाटली, कारण शांततेत चूक होत नाही.

मग एका सकाळी तो नळ सोडून दाढी करत असताना तिने बाथरूमच्या दाराशी उभं राहून विचारलं, "ताई एकटी पडलीय. मी तिच्याकडेच राहायला जाते, कायमची. चालेल ना तुम्हाला?" नळाच्या आवाजात त्याला 'ताई' ऐकू आलं आणि 'जाते' ऐकू आलं. वाक्याची दोन टोकं हाती लागली याचाच त्याला इतका आनंद झाला की तो अगदी मोकळेपणाने म्हणाला, "हो, जा की! बरं वाटेल तुला."

ती बराच वेळ दारातच उभी होती. तिला रडू आलं ते त्याला दिसलं नाही, तो तोंडावरचा साबण धूत होता.

त्याच आठवड्यात गाण्याच्या बाई आपली जुनी गाडी घेऊन आल्या. बाई घरोघर जाऊन गाणं शिकवत, आणि जाता येता फोनवर शिष्यांचे रियाज ऐकत. कानसेनने ऑक्स काढून दिला. सॉकेटसाठी डॅशबोर्डला भोक पाडवेना, म्हणून ते त्याने अ‍ॅशट्रेत बसवलं. बाईंना ते इतकं आवडलं की त्या म्हणाल्या, या डबीचा आज पहिल्यांदा काही उपयोग झाला. कानसेन सीटवर बसला, डोळे मिटले, "साफ" म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी बाई परत आल्या. "अहो, फोन चार्जिंगला लावून गाडी पळवली की बारीक शिट्टी वाजते. वेग वाढला की तीही वर चढते."

कानसेनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी त्याने वायर बदलून दिली, बसून ऐकलं, पुन्हा "साफ" म्हणाला आणि वर ऐकवलं, "गाडीचं वय झालंय, बाई. कुरकुर करणारच."

गुरुवारी सकाळी त्या तिसऱ्यांदा आल्या आणि या वेळी खाली उतरल्याच नाहीत. "बसा शेजारी," म्हणाल्या. चार्जर लावला, फोन जोडला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. डेंटर हातोडा खाली ठेवून खिडकीशी आला. कानसेनने डोळे मिटले. आत छान शांतता होती, अगदी स्वच्छ. "साफ," तो म्हणाला आणि डोळे उघडले.

बाईंचे दोन्ही डोळे आवळलेले होते, दात दुखणाऱ्या माणसाचे असतात तसे. आणि डेंटर, ज्याचं आयुष्य पत्रा बडवण्यात गेलं, त्याने कानात बोट घातलं होतं.

"अरे, ही ऐकू येत नाही तुला?" डेंटर म्हणाला.

"येते की! मी सेट साफ आहे म्हणालो," कानसेन म्हणाला. "गाडी ठेवून जा, बाई. संध्याकाळी देतो."

बाई रिक्षा करून गेल्या. जाता जाता त्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती त्याला ओळखीची वाटली. हा माणूस आपल्याला फसवतोय, अशी ती नजर होती. घरी बायको हल्ली असंच बघत असे, आणि आजवर त्याने तिच्याकडे कानाडोळा केला होता. तो घाबरला. शिट्टीचं मूळ शोधायचं तर एकेक जोड सोडवायचा आणि आवाज गेला का ते ऐकायचं, हीच एक रीत. आणि गेला काय, राहिला काय, त्याला दोन्ही सारखंच.

दुपारी जेवायला घरी गेला तर खाटेवर बॅग भरून तयार. चार दिवसांसाठी एवढी मोठी? हिवाळ्याची शालसुद्धा घेतलेली. बायकोने ताट वाढलं आणि ओट्याकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. "हो हो" ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"जरा दुकानात येशील?" तो म्हणाला.

ती वळली. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने तिला दुकानात कधी बोलावलं नव्हतं. "कशाला?"

"एक शिट्टी ऐकायचीय. मला येत नाही ती."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे ऐकू येत नाही मला," कानसेन म्हणाला, आणि ताटातल्या भाताकडे बघत राहिला.

ती पदराला हात पुसून निघाली. स्टँड दुकानापासून जवळ होता, म्हणून तिने बॅग बरोबर घेतली आणि बाईंच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. मग कानसेनशेजारी बसली. त्याने काचा वर केल्या, इंजिन चालू केलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि डोळे मिटले नाहीत. तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला.

"आहे," ती म्हणाली. "डासासारखी."

त्याने चार्जर काढला. "गेली." पुन्हा लावला. "आली." ऑक्सची पिन हलवली, सेटमागची वायर सोडवली. आहे, आहे, अजून आहे. शेवटी त्याने अ‍ॅशट्रे खोबणीतून ओढून सॉकेटसकट हातात अधांतरी धरला, आणि तिच्या कपाळावरची आठी त्याच्या डोळ्यांदेखत सुटली.

"गेली!" ती म्हणाली.

सॉकेटखाली रबराचा वायसर नव्हता. अ‍ॅशट्रे लोखंडी, सॉकेटही लोखंडी. सेटची अर्थिंग एक आणि गाडीच्या पत्र्याची ही दुसरी, आणि दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून चार्जरची घाण, म्हणजे ती शिट्टी, स्पीकरमध्ये शिरत होती. सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून तिथे घालायचा, हे तो झोपेतही करे. या वेळी विसरला. विसरणं काही मोठं नव्हतं, पूर्वीही विसरायचा. पण पूर्वी डोळे मिटले की कान सांगायचे.

त्याने वायसर घातला, सगळं परत बसवलं, चार्जर लावला, अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबला. ती डोळे मिटून बसली होती. तिला त्याचा रिवाज ठाऊक होता, घरी येऊन त्यानेच हजारदा सांगितला होता.

"साफ," ती म्हणाली.

कानसेनने इंजिन बंद केलं. काचा वरच होत्या.

"केव्हापासून?" तिने त्याच्याकडे तोंड करून विचारलं.

"झाली असतील दोनेक वर्षं."

ती मागचं आठवत गेली. त्याला ते चेहऱ्यावर दिसत होतं: एकेक हो हो, एकेक बघू. "मग त्या दिवशी, दाढी करताना, मी काय विचारलं ते तरी ऐकू आलं होतं का?"

"ताईकडे जाते म्हणालीस. चार दिवस."

"कायमची, म्हणाले होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही म्हणालात, जा की, बरं वाटेल तुला."

कानसेनला हे नीट ऐकू आलं. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि मग त्या वाटण्याचीच त्याला लाज वाटली. त्याने मागच्या सीटवरच्या बॅगेकडे पाहिलं. तिथून वर आलेली शाल त्याला आता नीट दिसत होती.

"मूर्ख आहे मी," तो म्हणाला.

"ते आहातच. पण मला वाटलं, नकोशी झाले." हे बोलताना तिचा आवाज बारीक झाला, तो त्याला ऐकू आला नाही. पण ओठ त्याने बघितले होते.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. गाण्याच्या बाई आल्या होत्या. दोघं उतरली. बाईंनी बसून ऐकलं, वेग वाढवून ऐकलं, आणि चेहरा मोकळा करून बाहेर बघितलं. "आता बरोबर. कान आहे तुमचा, मानलं."

डेंटर शेजारी उभा होता. झाकलेली मूठ तशीच ठेवायची ही शेवटची संधी होती.

"माझा नाही," कानसेन म्हणाला. "हिचा. मला शिट्टी ऐकूच येत नव्हती. तुम्हाला उगाच तीन खेपा पडल्या."

बाईंनी मागची बॅग बघितली, बायकोला विचारलं, "स्टँडवर? बसा, मी त्याच वाटेने जातेय."

कानसेनने तिच्याकडे पाहिलं. नको जाऊ म्हणायचा धीर होईना. एकदा हो म्हणून बसला होता. ती क्षणभर घुटमळली. "ताई वाट बघत असेल," म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली. बाईंनी गाडी चालू केली. कानसेन शटरला टेकून उभा राहिला, आणि आपलं घर आता कायमचं शांत होणार हे त्याला पहिल्यांदा कळलं.

गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. काच खाली आली, बायकोने अख्खं डोकं बाहेर काढलं आणि रांगेतली सगळी गॅरेजं काम थांबवून बघतील इतक्या मोठ्याने ओरडली, "फोन करू नका! तुम्हाला ऐकू येणार नाही! आधी कान दाखवा, आणि रविवारी मला घ्यायला या!"

कानसेनने मान हलवली. "हो हो!"

"हो हो नको! काय म्हणाले मी?"

सगळी रांग त्याच्याकडे बघत होती. डेंटरसुद्धा.

"फोन करायचा नाही," कानसेन ओरडून म्हणाला. "कान दाखवायचे. रविवारी तुला घ्यायला यायचं."

मगच तिने काच वर केली, आणि गाडी हलली.