कलावतीबाईंनी गाळलेली एकवीस पानं

कलावतीबाई रामटेके यांचा आवाज जबलपुरातल्या लाखो लोकांनी ऐकला आहे, आणि त्यांतल्या फार तर शंभरांनी त्यांचं तोंड पाहिलं असेल. एकतीस वर्षं त्या रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा करत. समोर चिठ्ठी यायची, त्या ती वाचायच्या. गाडी वेळेवर असो की सहा तास उशिरा, आवाज तोच. त्यांच्या स्वतःच्या लग्नासाठी वऱ्हाड घेऊन येणारी गाडी चार तास उशिरा आली, तेव्हा तीही घोषणा त्यांनीच केली, कारण बदली बाई आली नव्हती. प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला आणि मग हळद लावून घ्यायला घरी गेल्या, असं लोक सांगतात. कलावतीबाई म्हणतात हळद आदल्या दिवशीच झाली होती. बाकीचं त्या नाकारत नाहीत.

त्यांचा नियम एकच होता. कागदावर आहे ते वाचायचं. आपल्या मनचा शब्द घालायचा नाही, असलेला गाळायचा नाही. ‘आपण एक शब्द गाळला तं कोणीतरी चुकीच्या गाडीत बसते,’ असं त्या म्हणत.

रिटायर झाल्यावर त्यांच्या जागी कॉम्प्युटरमधली बाई आली आणि कलावतीबाईंचा आवाज कांचघर मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत येऊन राहिला. नवरा आधीच गेलेला, मुलगा भोपाळला. वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथ वाचायचं काम त्यांच्याकडे होतं, पण उरलेल्या नऊ महिन्यांत त्या आवाजाचं करायचं काय? तेव्हा त्याच मोहल्ल्यातल्या भागीरथाबाईंचे डोळे गेले. तिकडे काचबिंदूनं डोळे गेले आणि इकडे एक आवाज रिकामा बसलेला. दोघींची गाठ पडली, आणि दुपारी दोन ते चार असं वाचन सुरू झालं.

भागीरथाबाई शिकलेल्या चौथी. पण डोळे होते तोवर किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसत. रहस्यकथेतला खुनी पुडीच्या कागदावरून कळला नाही, म्हणून त्या दुकानदाराकडे पुढचं पान मागायला गेल्या होत्या. अशा बाईला नऊ वर्षांत कलावतीबाईंनी दोनशेच्या वर पुस्तकं ऐकवली. हळूहळू आणखी तिघी येऊ लागल्या. कलावतीबाईंच्या माडीवर राहणारी लता, जी भागीरथाबाईंना हात धरून आणायची. शाळेतून रिटायर झालेल्या आणि विहाराच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी असलेल्या प्रतिमा मॅडम. आणि आमची ज्योती, म्हणजे माझी बायको, जिच्यामुळे हे सगळं मला कळतं आणि जिच्यामुळेच हे सगळं झालं.

कारण पुस्तकं आणायचं काम ज्योतीकडे. तिचा भाऊ नागपूरहून पाठवतो. त्या हिवाळ्यात त्यानं एक नवीन कोरी कादंबरी पाठवली. मुखपृष्ठावर खिडकीशेजारी वेताची खुर्ची आणि तिच्यावर टाकलेलं एक पातळ. ज्योतीला वाटलं, नोकरी करणाऱ्या बाईच्या घरकामाची गोष्ट असेल. कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही ती मागवाल आणि वर माझ्यावरच नाक मुरडाल.

कलावतीबाई कुठलंही पुस्तक आधी चाळत नसत. स्टेशनवर चिठ्ठी तरी कुठे आधी मिळायची? त्यामुळे तिसऱ्या प्रकरणात पुण्यातल्या एका फ्लॅटचं दार आतून बंद झालं, तेव्हा पुढे काय आहे हे पाचींपैकी कोणालाच माहीत नव्हतं. कलावतीबाई वाचत राहिल्या. नायकाचा हात नायिकेच्या खांद्यावरून निघाला होता आणि तो पुढे कुठे कुठे थांबणार, हे त्या अशा शांतपणे सांगत होत्या, जशी पुढची स्टेशनं सांगावीत: मदन महल, नरसिंहपूर, गाडरवारा, पिपरिया. अडीच पानं झाली. प्रकरण संपलं. त्यांनी खूण घालून पुस्तक मिटलं.

मग लता म्हणाली, “दीदी, हा माणूस कामाले कधी जाते?”

“म्हणजे?”

“तीन प्रकरणं झाली. सोमवार, मंगळवार, बुधवार. हा घरीच. आणि यांच्या घरी कोणी दार नाही का वाजवत? दूधवाला नाही, सिलिंडरवाला नाही. आमच्या इथं तं दार लावून केस विंचरायची सोय नाही.”

ज्योती हसली. तिला पुस्तक आवडलं होतं, पण हे तिनं मला सांगितलं, तिथे नाही. लतानं ही गोष्ट आपल्या नवऱ्याला, विनयला सांगितली. त्यानं लग्नानंतर मराठीतलं लग्नपत्रिकेशिवाय काही वाचलेलं नाही. त्यानं विचारलं, पुस्तक रात्रभर घरी मिळेल का, मराठी सुधारायची आहे.

प्रतिमा मॅडम मात्र गंभीर झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भागीरथाबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेल्या होत्या, म्हणून आल्या नव्हत्या. मॅडमनी तीच वेळ साधली.

“कलावतीताई, भाषा वाईट असती तर मी हसून सोडून दिलं असतं. भाषा चांगली आहे, म्हणूनच मला त्रास होतो. ज्या तोंडानं तुम्ही विहारात ग्रंथ वाचता, त्याच तोंडानं हे?”

“तोंड तं एकच आहे माझ्यापाशी,” कलावतीबाई म्हणाल्या.

“मग अशी पानं सोडून वाचा. गोष्ट तेवढी घ्या. नाहीतर मला येणं बंद करावं लागेल. मंडळाच्या बायका विचारतात, काय वाचता म्हणून. मी काय सांगू?”

मॅडम वाईट नाहीत. पोरींना सायकली मिळाव्यात म्हणून शिक्षण खात्यात सहा वर्षं चपला झिजवणारी बाई आहे ती. त्या गेल्या असत्या, तर त्यांच्या मागून बैठकही मोडली असती. आणि दुपारी दोन वाजता त्या घरात परत शुकशुकाट झाला असता. कलावतीबाई म्हणाल्या, “चलो, ठीक आहे.”

एकतीस वर्षं आणि वर नऊ, एवढ्या काळात त्यांनी पहिल्यांदा कागद गाळला.

पण त्या लेखिकेनं एक घोटाळा करून ठेवला होता. तिची माणसं दिवसा फक्त चहा पितात आणि महत्त्वाचं सगळं पलंगावर बोलतात. नोकरी सोडते, हे तिथे. आईला कळलं, हेही तिथे. त्यामुळे पानं गाळल्यावर उरलेल्या कथेत माणसं नुसती चहा पीत राहिली आणि मधूनच कशावरून तरी रडू लागली. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सात वर्षांची एक मुलगी दप्तर घेऊन कादंबरीत शिरली.

“ही पोरगी कोणाची?” लतानं विचारलं.

“येईल पुढं,” कलावतीबाई म्हणाल्या, आणि पुढे वाचलं तर नायक नायिकेला म्हणत होता, तुला मी हिच्याबद्दल सांगितलंच होतं.

“कधी सांगितलं यानं?” लताच्या तोंडून निघून गेलं.

“परवा सांगितलं असंन,” कोपऱ्यातून भागीरथाबाई म्हणाल्या. “परवा कलावतीनं तीन-चार पानं एकदम उलटवली. काल दोनदा. एक पान उलटलं का चार, आवाज वेगळा येते. नऊ वर्षांपासून तोच आवाज ऐकून राहिली मी.”

मग मॅडमनी सगळं स्पष्ट सांगितलं, कुणाला दुखवायचं नव्हतं वगैरे. भागीरथाबाईंनी ऐकून घेतलं.

“तुम्हाले नाही पाहिजे तं तुम्ही डोळे मिटून घ्या, मॅडम. तुमच्यापाशी आहेत.” मग कलावतीबाईंच्या दिशेनं वळल्या. “तुमचं सगळ्यायचं ठरलं. मले कोणी विचारलं?” त्यांनी लताला हाक मारली. “चाल व लता, घरी नेऊन दे.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. लता आणायला गेली तर म्हणाल्या, पाय दुखून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी कलावतीबाई पुस्तक पिशवीत घालून दोन गल्ल्या पलीकडे त्यांच्या घरी गेल्या.

भागीरथाबाई उन्हात खाटेवर बसल्या होत्या. शेजारी सून शकु मटार सोलत होती. शकु जबलपूरचीच, मराठी तिला सगळी कळते, बोलते मात्र हिंदी.

“किती गाळली?” भागीरथाबाईंनी बस न म्हणता विचारलं.

“एकवीस. काल बसून मोजली.”

“आणि याच्या आधीच्या पुस्तकायत?”

“एकही नाही, बाई.”

“ते मले कसं समजावं?”

स्टेशनवर कोणी पुरावा मागत नसे. सांगितलेली गाडी सांगितलेल्या फलाटावर यायची, झालं. इथे दोनशे पुस्तकं या बाईनं केवळ त्यांच्या आवाजावर विसंबून खरी मानली होती. त्यांतली कुठली अर्धी होती, हे ती आता कशी तपासणार? कलावतीबाई खाटेच्या कडेला बसल्या. “वाचू का?” एवढंच त्यांनी विचारलं.

“वाच.”

एकवीस पानं झाली. त्याच आवाजात, तेवढ्याच शांतपणे, सकाळच्या उन्हात. शकुचे मटार मध्येच कधीतरी संपले होते, पण ती उठली नाही. रिकाम्या शेंगा परत परत चाचपत राहिली.

“शकु,” भागीरथाबाई म्हणाल्या, “पुस्तक घे. आता वाचलं त्याच्या मधातलं कोणतंही एक पान वाच.”

“अम्मा, मुझसे नहीं होगा.”

“दहावी पास आहे न तू? वाच.”

शकुनं पुस्तक उघडलं. सासूसमोर, शेजारणीसमोर, अडखळत वाचू लागली. चौथ्या ओळीला थांबली.

“काय झालं?”

“शब्द कठिन है.”

“पाठीवरचा तीळ. त्यात कठीण काय? पुढं.”

पानभर हे असं चाललं. शकु अडायची आणि भागीरथाबाई पुढचा शब्द पुरवायच्या. पान संपल्यावर म्हणाल्या, “बरोबर आहे. कलावतीनं वाचलं तेच आहे.” मग थोड्या वेळानं, “शकु, चहा ठेव. आलं घाल.”

शकु पुस्तक ठेवून आत पळाली.

“मले वाटलं होतं, काय काय असंन त्यात,” भागीरथाबाई म्हणाल्या. “हे दोघं तं बोलतेतच जास्त.”

“हो.”

“आमचा बुढा चांगला माणूस होता. फॅक्टरीतून आला, जेवला, झोपला. एक्केचाळीस वर्षं. पण माहं नाव नाही घेतलं कधी. ‘अवं’ म्हणे. अंधारातही ‘अवं’. हा माणूस दुसऱ्या ओळीले तिचं नाव घेते.”

“कादंबरीतला आहे, बाई.”

“माहीत आहे न मले. पण ऐकू तं दे.”

त्या दुपारी भागीरथाबाई आल्या त्या शकुचा हात धरून. शकुला म्हणे घरी बसून कंटाळा आला होता. कलावतीबाईंनी पुस्तक उघडायच्या आधी सांगितलं, “आजपासून कागदावर आहे तेवढं सगळं वाचीन. तसं पान आलं की आधी सांगीन. ज्याले नाही ऐकायचं त्यानं आत जाऊन चहा ठेवावा.” आणि मॅडमकडे न बघता पुढे म्हणाल्या, “कोणी जाऊ नये असं वाटते मले. पण वाचीन.”

मॅडमनी पिशवी उचलली नाही.

पुढच्या आठवड्यात कादंबरी संपेपर्यंत पाच वेळा तसं पान आलं. पाचही वेळा प्रतिमा मॅडम उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि, माझी ज्योती शपथेवर सांगते, खरोखर ऐकत नसत. त्या वेळी आतून नळ सोडल्याचा आवाज यायचा. कपबशा तर त्या आठवड्यात इतक्या घासल्या गेल्या की त्यांच्यावरची फुलं गेली. कादंबरी त्यांनी वाईट ठरवली ती ठरवलीच. लतानं तिला पैकीच्या पैकी गुण दिले, फक्त नायकाच्या रजेचे दोन कापले. शकुनं मत दिलं नाही. ते पुस्तक मात्र घरी नेलं.

पण मॅडमना गोष्ट तर हवी होती. चहा घेऊन बाहेर आल्या की त्या भागीरथाबाईंजवळ बसत, आवाज खाली करून विचारत, “काय झालं?” आणि भागीरथाबाई सांगत. त्या सांगू लागल्या की कलावतीबाई पुस्तकात बोट ठेवून थांबत.

“तिच्या आईनं फोन केला होता. यानं उचलला. खूप बोलणी खाल्ली.”

“मग?”

“मंग ही रडली. यानं समजूत काढली.”

“आणि?”

“आणि काय? पंखा सुरू होता.”

मॅडमनी हिशेब केला. “एवढ्याला साडेतीन पानं?”

“पंखा जुना होता, मॅडम,” भागीरथाबाई म्हणाल्या, आणि बशीत चहा ओतला. कलावतीबाईंनी बोट काढलं आणि पुढचं पान वाचायला घेतलं.